क्लाऊडच्या गेटवर वॉचमन आहे, पण आतल्या घरांना दारं आहेत का?

तारीख २४ मार्च २०२५. कुबरनेटिस नावाच्या सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या मंडळींनी एक इशारा जाहीर केला. त्याचा अर्थ थोडक्यात असा होता: तुमच्या यंत्रणेच्या आतल्या नेटवर्कवर कुणी नुसतं पोहोचलं असेल, तर त्याच्याकडे पासवर्ड नसला, कसलाही अधिकार नसला, तरी तो सगळी यंत्रणा ताब्यात घेऊ शकतो.

कुबरनेटिस हे नाव तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल. पण जेवण मागवायचं अ‍ॅप असो, तिकीट काढायची वेबसाइट असो किंवा एखादी फिनटेक कंपनी, पडद्यामागे अनेकांचा गाडा याच सॉफ्टवेअरवर चालतो. त्यामुळे हा इशारा इंजिनिअर मंडळींपुरता नव्हता. ज्यांची माहिती या यंत्रणांमध्ये पडून आहे, त्या तुमच्या-आमच्यापर्यंत तो येतो.

प्रश्न असा, की आतल्या नेटवर्कवर पोहोचलेल्या माणसाला सगळी दारं उघडी मिळतातच कशी? उत्तर साधं आहे आणि जरा काळजी वाढवणारंही. कारण आत दारं नसतातच. ती नंतर आपण बसवायची असतात आणि अनेक ठिकाणी ती बसवायची राहून जातात.

आधी हे कंटेनर प्रकरण समजून घेऊ

पूर्वी एखादी वेबसाइट म्हणजे एक मोठा प्रोग्रॅम आणि एक मोठा सर्व्हर असायचा. आता तसं राहिलेलं नाही. जेवणाच्या अ‍ॅपचंच बघा. मेनू दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा, ऑर्डर घेणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा, फोटो लहान-मोठे करणारा वेगळा, मेसेज पाठवणारा वेगळा.

यातला प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद डब्यात भरलेला असतो. तो डबा कुठल्याही सर्व्हरवर नेऊन ठेवला की चालू होतो. या डब्याला म्हणतात कंटेनर. बंदरातल्या कंटेनरवरूनच हे नाव आलंय. २०१३ मध्ये डॉकर नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि ही पद्धत घरोघरी पोहोचली.

पण डबे शेकड्यांनी आणि हजारांनी झाले, की कुठला डबा कुठल्या सर्व्हरवर ठेवायचा, बंद पडला तर दुसरा कोण लावणार, गर्दी वाढली तर जादा कुठून आणायचे, हे सांभाळायला कुणीतरी लागतं. ते काम कुबरनेटिस करतं. गूगलने २०१४ मध्ये हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ जहाजाचं सुकाणू धरणारा.

अजून दोन शब्द लक्षात ठेवा. एक किंवा काही कंटेनर मिळून होतो ‘पॉड’. आणि असे पॉड चालवणाऱ्या सर्व्हरांचा समूह म्हणजे ‘क्लस्टर’.

आत सगळे सगळ्यांशी बोलू शकतात

कुबरनेटिसचा मूळ नियम असा आहे, की प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता मिळतो आणि क्लस्टरमधला कुठलाही पॉड दुसऱ्या कुठल्याही पॉडशी थेट बोलू शकतो. दोघे वेगवेगळ्या सर्व्हरवर असले तरी.

म्हणजे चित्र असं झालं: एक मोठी सोसायटी आहे. गेटवर वॉचमन आहे, रजिस्टर आहे, कॅमेरा आहे. पण आत गेल्यावर एकाही फ्लॅटला दार नाही. डिलिव्हरीवाला एकदा गेटातून आत आला, की तो पाचव्या मजल्यावरच्या जोशींच्या कपाटापर्यंत जाऊ शकतो.

असं का ठेवलं? सोय म्हणून. नवीन प्रोग्रॅम लावला की तो लगेच चालला पाहिजे, परवानग्या मागत बसायला नको, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता. पण सोयीसाठी ठेवलेली सुरुवातीची रचना पुढे अनेक ठिकाणी तशीच कायम राहिली.

आता जेवणाच्या अ‍ॅपमधला फोटो लहान-मोठे करणारा पॉड घ्या. बाहेरून कुणीतरी मुद्दाम बिघडवलेला फोटो चढवला आणि त्यातून तो पॉड हॅक झाला. नुकसान किती व्हायला हवं? फोटोंपुरतं. पण आत दारं नसतील, तर तोच हल्लेखोर त्याच पॉडमधून पैशांच्या डेटाबेसचं दार ठोठावू शकतो. फोटोवाल्या पॉडला तिथे जायचं काही कारण नसतं. पण त्याला अडवणारंही कुणी नसतं.

सुरक्षेच्या भाषेत याला आडवी घुसखोरी म्हणता येईल. बाहेरून आत येणं हा हल्ल्याचा पहिला टप्पा. आतल्या आत सरकत सरकत तिजोरीपर्यंत जाणं हा दुसरा. आणि मोठं नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यात होतं.

मार्च २०२५ मध्ये नेमकं काय सापडलं?

आता सुरुवातीच्या इशाऱ्याकडे परत जाऊ. बाहेरून आलेली विनंती योग्य पॉडपर्यंत नेऊन पोहोचवायचं काम करणारा एक लोकप्रिय प्रोग्रॅम आहे, इनग्रेस एंजिनएक्स. तेव्हा तो ४० टक्क्यांहून जास्त कुबरनेटिस क्लस्टरमध्ये वापरला जात होता.

या प्रोग्रॅममध्ये एक तपासनीस बसवलेला आहे, अ‍ॅडमिशन कंट्रोलर. कुणी वाहतुकीचा नवीन नियम टाकला की तो बरोबर आहे का, हे आधी तपासून बघणं हे त्याचं काम. विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना दिसलं, की या तपासनिसाकडेच मुद्दाम बनवलेला खोटा नियम पाठवला, तर तपासता तपासता तो हल्लेखोराचा कोड चालवून बसतो. मुख्य त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२५-१९७४, धोक्याचे गुण १० पैकी ९.८. त्यासोबतच्या इतर त्रुटींसह या प्रकरणाला नाव पडलं ‘इनग्रेस नाइटमेअर’.

त्यात आणखी एक गोष्ट. हा प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने बसवला, तर त्याला क्लस्टरमधली सगळी गुपितं, म्हणजे पासवर्ड आणि किल्ल्या, वाचायची मुभा असते. त्यामुळे तो गेला की सगळं गेलं.

इथे थांबून एक प्रश्न विचारू. या तपासनिसाशी बोलायची गरज मुळात कुणाला होती? फक्त एकाला. क्लस्टरचा मुख्य कारभारी असलेल्या एपीआय सर्व्हरला. बाकी कुणालाही त्याच्याशी बोलायचं कारण नव्हतं. तरी आतला प्रत्येक पॉड त्याच्यापर्यंत पोहोचू शकत होता. विझच्या म्हणण्यानुसार साडेसहा हजारांहून जास्त क्लस्टरमध्ये तर तो थेट इंटरनेटवरून गाठता येत होता.

खरा उपाय म्हणजे सुधारित आवृत्ती बसवणं. पण ज्यांना ते लगेच शक्य नव्हतं, त्यांना विझच्या संशोधकांनी सुचवलेला एक मार्ग असा होता: नेटवर्कवर नियम लावा, की या तपासनिसाशी फक्त एपीआय सर्व्हरच बोलेल. जिथे असा नियम आधीपासून नीट चालू होता, तिथे त्रुटी असूनही एखाद्या भलत्या पॉडला तिच्यापर्यंत पोहोचणं अवघड होतं.

पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये कुबरनेटिसच्या मंडळींनी जाहीर केलं, की इनग्रेस एंजिनएक्सची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच जमेल तशी होईल, त्यानंतर दुरुस्त्या मिळणार नाहीत. म्हणजे हा प्रोग्रॅम ज्यांच्याकडे तसाच राहील, त्यांच्यासाठी पुढची त्रुटी सापडली तर सुधारित आवृत्ती हा पर्यायच उरत नाही. अशा वेळी आतली दारं जास्तच महत्त्वाची ठरतात.

मग दार बसवायचं कसं?

यासाठी कुबरनेटिसमध्ये नेटवर्क पॉलिसी नावाची सोय आहे. २०१७ च्या १.७ या आवृत्तीपासून ती पक्की झाली. म्हणजे हे काही काल आलेलं तंत्र नाही.

जुन्या फायरवॉलमध्ये आयपी पत्त्यावरून नियम लिहायचे. इथे ते चालत नाही, कारण पॉड सतत मरतात, नवे जन्मतात आणि प्रत्येक वेळी पत्ता बदलतो. म्हणून नियम लिहायचा तो लेबलवर. उदाहरणार्थ, ‘पेमेंट डेटाबेस’ असं लेबल असलेल्या पॉडशी फक्त ‘पेमेंट’ लेबलचा पॉड बोलेल आणि तोही ५४३२ या एकाच पोर्टवर. पॉड कितीही वेळा बदलला तरी लेबल तेच राहतं, त्यामुळे नियमही टिकतो.

या पॉलिसीचा स्वभाव थोडा वेगळा आहे. तिच्यात ‘याला अडवा’ असं लिहिता येत नाही, फक्त ‘याला येऊ द्या’ असं लिहिता येतं. एखाद्या पॉडला येणाऱ्या वाहतुकीचा पहिला नियम लागू झाला, की नियमात नसलेले बाकी सगळे आपोआप बाहेर. म्हणून जाणकार सांगतात, की आधी ‘कुणालाही परवानगी नाही’ असा कोरा नियम लावा आणि मग गरज असेल तेवढ्यांना एकेक करून आत घ्या.

पाटी लावली, पण वॉचमन कुठाय?

यातला सगळ्यात फसवा भाग हा आहे. नेटवर्क पॉलिसी लिहून घेणारं कुबरनेटिस ती स्वतः राबवत नाही. ते काम नेटवर्क प्लगइनचं. कॅलिको आणि सिलियम हे प्लगइन नियम राबवतात. फ्लॅनेल नावाचा साधा प्लगइन एकटा असेल तर तो राबवत नाही.

आणि गंमत म्हणजे नियम न राबवणाऱ्या प्लगइनवरही तुम्ही पॉलिसी लिहिलीत तर कुबरनेटिस ती आनंदाने जमा करून घेतं. एरर येत नाही. यादीत पॉलिसी दिसते. ऑडिटवाल्याला दाखवता येते. पण एकही पॉड अडत नाही. ‘परवानगीशिवाय प्रवेश बंद’ अशी पाटी लावली आणि वॉचमन ठेवलाच नाही, तसला प्रकार.

म्हणून नियम लिहिला एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. एक चाचणीचा पॉड उभा करून, जिथे जायला मनाई आहे तिथे खरंच जाता येतंय का, हे बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

एका आडव्या रेघेची किंमत

दुसरी चूक लिहिण्यातली. समजा तुम्हाला म्हणायचंय, की ‘हिशेब’ विभागातल्या आणि त्यातही ‘बिलिंग’ लेबल असलेल्या पॉडलाच येऊ द्या. कुबरनेटिसच्या फाइलमध्ये या दोन अटी एकाच मुद्द्याखाली लिहिल्या तर अर्थ होतो ‘हे आणि ते’. पण दुसऱ्या अटीच्या आधी चुकून एक आडवी रेघ पडली, तर तो नवा मुद्दा होतो आणि अर्थ होतो ‘हे किंवा ते’. म्हणजे हिशेब विभागातले यच्चयावत पॉड आत, शिवाय तुमच्या स्वतःच्या विभागातलेही ‘बिलिंग’ लेबलवाले आत. फाइल दोन्ही वेळा बरोबरच असते. चूक कुणी ओरडून सांगत नाही.

बाहेर जायचा रस्ताही तितकाच महत्त्वाचा

आपण आत कोण येतंय ते बघतो. आतून बाहेर कोण जातंय, याकडे कमी बघतो. दोन जुनी प्रकरणं यासाठी आठवावी लागतात.

पहिलं टेस्लाचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने उघड केलं, की टेस्लाच्या कुबरनेटिसचं नियंत्रण पॅनेल पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडं होतं. हल्लेखोर आत शिरले आणि टेस्लाच्या खर्चाने क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग करू लागले. तिथल्या एका पॉडमध्ये त्यांना अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडची किल्लीही मिळाली. मूळ चूक पासवर्डची होती आणि पॅनेलच हातात आलेला माणूस नेटवर्कचे नियमही बदलू शकतो, हे मान्य. पण मायनिंग करणाऱ्या प्रोग्रॅमला बाहेरच्या जगाशी बोलावंच लागतं. बाहेर जायच्या रस्त्यावर पहारा असला, तर असा अनोळखी प्रवासी निदान लवकर नजरेत येतो.

दुसरं कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं, २०१९ मधलं. ते कंटेनरचं प्रकरण नव्हतं, पण धडा तोच आहे. क्लाऊडमध्ये १६९.२५४.१६९.२५४ असा एक खास अंतर्गत पत्ता असतो. सर्व्हरने त्याला विचारलं, की त्याच्या तात्पुरत्या किल्ल्या तिथून मिळतात. चुकीच्या पद्धतीने लावलेल्या एका फायरवॉललाच हल्लेखोराने या पत्त्यावर विचारणा करायला लावलं, किल्ल्या मिळवल्या आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी व कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर नेली. पुढे अमेरिकी नियामकाने बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड केला.

अनेक रचनांमध्ये हा पत्ता पॉडच्या आतूनही गाठता येतो. बहुतेक पॉडना त्याची गरज नसते. तिकडे जाणारा रस्ता बंद करणं हा सगळ्यात स्वस्त उपायांपैकी एक.

एवढं सोपं आहे, तर कंपन्या करत का नाहीत?

कारण कोण कुणाशी बोलतं, हेच बहुतेकांना माहीत नसतं. पाच वर्षांत बारा जणांनी लिहिलेली शंभर सॉफ्टवेअरं. त्यातली कुठली कुठल्या डेटाबेसला रात्री दोन वाजता हात लावते, हे सांगणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अशात नियम लावला आणि महिन्याच्या एक तारखेला पगाराचं काम अडलं तर? मग कुणी हात लावायला धजत नाही.

आणि पहिला अनुभव अनेकदा वाईटच येतो. बाहेर जाणारी वाहतूक बंद करताना डीएनएसचा ५३ क्रमांकाचा पोर्ट उघडा ठेवायचं विसरलं, की सगळंच ठप्प होतं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. शेजाऱ्याकडे जायची परवानगी आहे, पण शेजारी राहतो कुठे हे विचारायचीच बंदी, अशी अवस्था. मग घाईघाईने नियम काढले जातात आणि ‘नंतर बघू’ म्हणून फाइल बंद होते.

शिवाय काम नेमकं कुणाचं? प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात नेटवर्कवाल्यांचं. नेटवर्कवाल्यांना प्रोग्रॅमची लेबलं माहीत नसतात. सुरक्षेची टीम अहवाल देते. तीन विभागांच्या मधोमध काम पडून राहतं.

यावर मार्ग आहे, पण तो टप्प्याटप्प्याचा. आधी काही दिवस नुसती वाहतूक बघायची. सिलियमसोबत येणाऱ्या हबलसारख्या साधनांनी कोण कुणाशी बोलतंय याचा नकाशा मिळतो. मग सगळ्यात मौल्यवान जागेपासून, म्हणजे डेटाबेसपासून सुरुवात करायची. नवीन विभागात मात्र पहिल्या दिवसापासून सगळं बंद ठेवायचं. आणि नियमांची फाइल प्रोग्रॅमच्या कोडसोबतच ठेवायची, म्हणजे प्रोग्रॅम बदलला की नियमही बदलायची आठवण राहते.

आपल्याकडे याचा काय संबंध?

मायक्रोसॉफ्टची पुण्यातली क्लाऊड केंद्रं २०१५ मध्ये सुरू झाली, अ‍ॅमेझॉनची मुंबईतली २०१६ मध्ये. म्हणजे हे डबे अगदी आपल्या अंगणात चालतात. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या कितीतरी मुलामुलींचं रोजचं काम हेच आहे.

कायद्याच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. आत दारंच नसतील, तर चोर कुठे कुठे फिरला हे ६ तासांत सांगणार कोण? दारं असली, की निदान तो कुठे जाऊ शकत नव्हता, एवढं तरी ठामपणे सांगता येतं.

दुसरा आहे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. माहिती जपण्यासाठी पुरेशी सुरक्षा ठेवली नाही, तर यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत मिळाली. नियमांत ‘कुणाला कुठे प्रवेश’ यावर नियंत्रण ठेवणं आणि नोंदी ठेवणं यांचा उल्लेख आहे. नेटवर्क पॉलिसी असं नाव कायद्यात नाही. पण उद्या माहिती फुटली आणि फोटोच्या पॉडमधून पेमेंटच्या डेटाबेसपर्यंत रस्ता मोकळा होता असं निघालं, तर ‘पुरेशी सुरक्षा होती’ असं म्हणणं कठीण जाईल.

दारं बसवली की झालं का?

नाही. नेटवर्क पॉलिसी पत्ता आणि पोर्ट बघते, आत काय बोलणं चाललंय ते ऐकत नाही. ऑर्डरच्या पॉडला पेमेंटकडे जायची परवानगी आहे आणि ऑर्डरचाच पॉड हॅक झाला, तर तो त्याच परवानगीच्या रस्त्याने जाईल. त्यासाठी ओळख पटवणारी वेगळी व्यवस्था, कमीत कमी अधिकार आणि वेळेवर दुरुस्त्या, हे सगळं लागतंच. दारांचा उपयोग एवढाच, की एका घरात चोरी झाली तर ती त्या घरापुरती राहते.

पण ‘एवढाच’ हा शब्द इथे लहान नाही. चोरी कधीच होणार नाही, असं कुठलीही कंपनी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती किती दूर पसरेल, हे मात्र बऱ्याच अंशी आधीच ठरवता येतं.

म्हणून यापुढे एखाद्या कंपनीचं निवेदन वाचलंत, की ‘हल्ला एका सर्व्हरपुरता मर्यादित होता, ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे’, तर शेअर करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. तो मर्यादित कशामुळे राहिला? मध्ये दार होतं म्हणून, की चोर पुढे गेला नाही म्हणून?